साठीनंतर गाणं शिकावं की पेटी?

मावशी रिटायर झाली, दादरला राहते, विचारत होती क्लास गाण्याचा लावू की पेटीचा. खर्चात गाणं स्वस्त, तानपुऱ्याचं ॲप फोनवर मिळतं, पेटीला पैसे लागतात आणि वन रूम किचनमध्ये जागाही. मेहनतीचं मात्र उलट, पेटीची पट्टी दाबली की सूर लागतोच, गळ्याला महिने जातात. डोक्याचं म्हणाल तर 2007 सालच्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात 60 ते 85 वयाच्या लोकांना सहा महिने पियानो शिकवला आणि त्यांची स्मरणशक्ती, लक्ष सुधारलं, पेटीतही एक हात भाता सांभाळतो नि दुसरा सूर, म्हणून मेंदूला कामाला लावायचं तर माझं मत पेटीलाच. बोटं आखडत असतील किंवा चार माणसांत बसायचं असेल तर गाणं.