लिनिअर बीचे चिन्हपत्ते: सात महिन्यांच्या वापरानंतर

लिनिअर बी ही ग्रीक भाषेची एक प्राचीन लिपी. ग्रीसमधल्या पायलॉस, क्नोसॉसच्या राजवाड्यांतल्या, या लिपीतल्या मातीच्या पाट्या थोड्या तरी स्वतः वाचता याव्यात म्हणून जूनमध्ये हा ८७ पत्त्यांचा संच मागवला. तेव्हापासून रोज रात्री वीस मिनिटं बसते.

बाराखडीवर वाढलेल्यांना ही लिपी जवळची वाटते: पा, पे, पि, पो, पु, एकेका अक्षराला एक चिन्ह. पण इथे काना-मात्रा नाहीत. ‘पा’ आणि ‘पि’ यांच्या आकारात काहीच नातं नसल्यानं प्रत्येक चिन्ह वेगळं पाठ करावं लागतं. क, ख, ग एकाच चिन्हात, र-ल एकाच चिन्हात, आणि शेवटचा ‘स’ लिहितच नाहीत. म्हणून क्नोसॉसचं ‘को-नो-सो’ होतं. ‘पा-ते’ म्हणजे पिता की ‘सगळे’, हे संदर्भावरून ठरवायचं. काही चिन्हांचे उच्चार अजून कुणालाच ठाऊक नाहीत. त्या पत्त्यांची मागची बाजू कोरी सोडली आहे, हा प्रामाणिकपणा मला फार आवडला.

तिसऱ्या महिन्यात पायलॉसची भांड्यांची पाटी वाचली. ‘ति-रि-पो-दे’, आणि शेजारी तीन पायांच्या भांड्याचं चित्र. पुढे ‘क्वे-तो-रो-वे’, म्हणजे चार कानांचं, आणि ‘आ-नो-वे’, बिनकानाचं. भांड्याच्या मुठीला तेही कानच म्हणत, आपल्या कढईला असतात तसे! मायकेल व्हेन्ट्रिस यांनी १९५२ मध्ये या लिपीची उकल जाहीर केली तेव्हा त्यांनी ही पाटी पाहिलेलीही नव्हती. पायलॉसचं उत्खनन करणाऱ्या कार्ल ब्लेगेन यांनी १९५३ मध्ये व्हेन्ट्रिस यांच्याच तक्त्यानं ती वाचून पाहिली आणि शब्द चित्रांशी तंतोतंत जुळले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता तक्रारी. पावसाळ्यात पत्त्यांच्या कडांचं लॅमिनेशन सुटलं. चिन्हं सुबक छापली आहेत, पण खऱ्या पाट्यांवर लेखनिकागणिक हात बदलतो, त्यामुळे पहिल्यांदा पाटीचा फोटो पाहिला तेव्हा निम्मी चिन्हं ओळखूच आली नाहीत. बाई, मेंढी, गहू, रथ अशा चित्रचिन्हांचा एकही पत्ता नाही. ती मी जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर काढून घेतली. आणि सोबतच्या माहितीपत्रकात या लिपीच्या अमेरिकन अभ्यासक ॲलिस कोबर यांचं नावसुद्धा नाही, हे मला खरोखर लागलं. शब्दांचे बदलते शेवट जुळवून कोणत्या चिन्हांत समान व्यंजन किंवा समान स्वर असावा, हे त्यांनी १९५० मध्ये मृत्यू येण्याआधीच दाखवलं होतं. महायुद्धात कागद मिळेना, तेव्हा हाती येईल त्या कागदाचे तुकडे कापून त्यांनी हजारो टिपणपत्ते केले आणि सिगारेटच्या खोक्यांत लावून ठेवले. पत्त्यांच्या संचात तरी त्यांची आठवण हवी होती.

तरीही घ्या, फक्त चित्रचिन्हांची सोय आधी करा. सध्या मायसीनीच्या एका पाटीवर ‘तु-का-ते-क्वे’ या शब्दाशी थांबले आहे: दुहिता, आणि शेवटचं ‘क्वे’ म्हणजे संस्कृतातला ‘च’. ‘आणि मुलगी.’ तिचं नाव मात्र पाटीवर नाही.