वार्लुकुरलांगूचं पेंटिंग घेतलं, चित्राइतकाच सोबतचा कागद भारी

भाची ऑस्ट्रेलियात असते, येताना तिनं तिकडून हे एक छोटं ओरिजिनल पेंटिंग आणलं, ३० बाय ३० सेंमी, अ‍ॅक्रिलिकचं. वार्लुकुरलांगू म्हणजे यूएंडुमू गावातलं वार्लपिरी या तिथल्या आदिवासी लोकांचं स्वतःच्या मालकीचं आर्ट सेंटर, ऑस्ट्रेलियाच्या मधोमध असलेल्या अ‍ॅलिस स्प्रिंग्ज गावापासून जवळपास ३०० किमी आत वाळवंटात, १९८५ पासून चालू आहे. त्याच्या आधी तिथल्या म्हाताऱ्या मंडळींनी शाळेची ३० दारं रंगवली होती, पोरांना आपल्या जागांच्या गोष्टी कळाव्यात म्हणून, ती दारं आता अ‍ॅडलेडच्या म्युझियममध्ये आहेत.

आमच्या घरी पहिली कॉमेंट अर्थातच "ही तर ठिपक्यांची रांगोळी". रंग मात्र लय जबरदस्त, फोटोत निम्मे पण दिसत नाहीत. पण मला खरा आवडला तो सोबतचा कागद. चित्र कुणी काढलं, कॅटलॉग नंबर, आणि गोष्ट कुठली. आमच्यावाली मिना मिना या जागेची आहे, तिथं जमिनीतून खणायच्या काठ्या वर आल्या आणि त्या घेऊन बायका नाचत पूर्वेकडं निघाल्या, चित्रातल्या सरळ रेघा म्हणजे त्याच काठ्या. आणि ही गोष्ट कुणीही उठून काढायची नाही, नपांगार्डी, नपानांगका अशा ठरावीक नात्यातल्या लोकांचाच तिच्यावर हक्क.

आता सोलापूरकराला हे वेगळं समजवायला नको. आपल्या चादरीला जीआय (त्या गावच्याच मालाला ते नाव लावायचा हक्क) असून बाहेर कुठलीपण चादर "सोलापुरी" म्हणून खपवतात की नाही? तिकडं पण तेच चालू आहे, २०२२ मध्ये तिथल्या सरकारी आयोगाच्या रिपोर्टात आलं की आदिवासी स्टाइलच्या सुवेनियरवर लोक जेवढा पैसा घालवतात त्यातला निम्म्याहून जास्त नकली मालावर जातो. मग बूमरँग-मॅग्नेट आणण्यापेक्षा आर्ट सेंटरचंच घ्या, चित्रकाराला पैसे मिळतात आणि नाव पण राहतं. आपल्याकडं चादरीच्या घडीत विणणाऱ्याचं नाव टाकलं तर काय बिघडेल, सांगा बरं.

स्वस्त नाहीये हे आधीच सांगतो. आणि कॅनव्हास गुंडाळून नळीत येतो, म्हणजे फ्रेमचा खर्च वेगळा. इथला एक फ्रेमवाला कडा कापून काच लावायला निघाला होता, त्याला थांबवलं. आधी लाकडी चौकटीवर ताणून घ्या, कडा कापू देऊ नका, मागं नंबर असतो. कागदाची झेरॉक्स पाठीमागं चिकटवा, ओरिजिनल फाइलला. पाचपैकी साडेचार, अर्धा फ्रेमच्या खर्चाचा कापला.