गुप्तरोग तज्ज्ञांच्या दवाखान्यात गेलो ते बरं झालं

नव्या जोडीदारासोबतच्या पहिल्या रात्रीनंतर चौथ्या दिवशी लिंगाच्या टोकावर लाल पुरळ दिसलं. कंडोम वापरला होता, तरी झोप उडाली. दोन दिवस घरातलं स्टेरॉइडचं मलम चोळलं. ती चूकच, कारण बुरशीचा संसर्ग असेल तर अशा मलमाने तो बळावतो.

शेवटी त्वचा आणि गुप्तरोगाच्या दवाखान्यात गेलो. मी मान खाली घालून बोलत होतो. डॉक्टरबाईंनी ताप, जळजळ, स्राव, सगळं शांतपणे विचारलं. एकदाही 'असं कसं केलंत?' म्हणाल्या नाहीत. यासाठीच मी त्यांना पैकीच्या पैकी गुण देईन.

तपासताना त्या समजावत होत्या: हर्पीसमध्ये सहसा दुखऱ्या पाण्याच्या फोडांचा पुंजका येतो, सिफिलिसची पहिली जखम बहुधा दुखत नाही आणि साधारण तीन आठवड्यांनी दिसते. कंडोमने न झाकलेल्या त्वचेतूनही हे दोन्ही पसरू शकतात. माझी मात्र बुरशी निघाली. साधं अँटीफंगल मलम, आठवड्याभरात पुरळ गेलं.

तरीही रक्त तपासलंच. आजचा निगेटिव्ह अहवाल पुरेसा नाही, एचआयव्हीसाठी ४५ दिवसांनी आणि सिफिलिससाठी ३ महिन्यांनी पुन्हा या, असं त्यांनी कागदावर लिहून दिलं. धोका मोठा वाटला तर संबंधानंतर ७२ तासांच्या आत यायचं, तेव्हा एचआयव्ही टाळणारी औषधं सुरू करता येतात, हेही तेव्हाच कळलं.

एक खटकलं: बाहेरच्या काउंटरवर तक्रार मोठ्याने विचारतात. तिथे चिठ्ठी भरून घ्यायला हवी. जोडीदारालाही मी सगळं सांगितलं. पुढच्या तपासणीला आम्ही दोघं जाणार आहोत.