फॅमिलीसर्च : ग्रामीण अमेरिकन स्त्रीचे माहेर शोधताना

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत, एखाद्या आडबाजूच्या काउंटीत शेतावर आयुष्य काढलेल्या स्त्रीचे माहेर शोधायचे असेल, तर सुरुवात फॅमिलीसर्चपासूनच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. लॅटर-डे सेंट्स (मॉर्मन) चर्च चालवत असलेली, जुन्या नोंदींतून वंशावळ शोधण्याची ही ऑनलाइन सेवा मोफत आहे. केवळ खाते उघडावे लागते.

जनगणनेच्या नोंदी येथे सहज सापडतात. मात्र त्यांच्यावर विसंबून भागत नाही. १८४० पर्यंतच्या जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचे नाव असे आणि घरातील बाकीची माणसे वयोगटांच्या रकान्यांत नुसत्या आकड्यांनी मोजली जात. १८५० पासून प्रत्येक स्वतंत्र (म्हणजे गुलाम नसलेल्या) व्यक्तीचे नाव लिहिले जाऊ लागले, पण कुटुंबप्रमुखाशी असलेले नाते नोंदवण्यास १८८० साल उजाडले. त्यामुळे १८५० पूर्वी लग्न झालेली मुलगी माहेरच्या नावाने जनगणनेत बहुधा सापडतच नाही. १८९० च्या जनगणनेचे बहुतेक कागद तर १९२१ च्या आगीनंतर कायमचे गेले.

या सेवेचे खरे मोल यंत्राने वाचलेल्या हस्तलिखित कागदांतील संपूर्ण मजकूर शोधण्याच्या सोयीत आहे. जुन्या खरेदीखतांच्या सूच्या देणाऱ्या-घेणाऱ्यांच्या नावांवर बेतलेल्या असत आणि मृत्युपत्रांच्या सूच्या मृताच्या नावावर. बापाच्या मृत्युपत्रात ‘माझी मुलगी, अमक्याची पत्नी’ असा ज्या स्त्रीचा उल्लेख येई, ती सूचीत कुठेच नसे. आता तिचे पहिले नाव आणि नवऱ्याचे आडनाव अवतरणचिन्हांत घालून शोध काउंटीपुरता मर्यादित केला, की थेट ते पान समोर येऊ शकते. वडिलांच्या जमिनीतील हिस्सा भावंडांनी मिळून विकल्याचे खत हाती लागले, तर एकाच कागदात सगळ्या बहिणी आपापल्या नवऱ्यांसह भेटतात, आणि वंशावळीच्या दृष्टीने याहून भक्कम पुरावा क्वचितच मिळतो. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत सहसा नाव न लिहिता केवळ वय, लिंग आणि वर्ण यांवर बोळवण केलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांची नावेही मालकाच्या मालमत्तेच्या यादीत, किमतीसह, आढळतात. ते वाचणे क्लेशदायक आहे. तरीही त्यांच्या वंशजांसाठी तो आधार अमोल आहे.

यंत्राने केलेले वाचन पुष्कळदा चुकते, म्हणून नावाची वेगवेगळी स्पेलिंगे वापरून पाहावीत आणि मूळ प्रतिमा स्वतः वाचावी. काही प्रतिमा घरून उघडत नाहीत. त्यांच्यासाठी संस्थेच्या केंद्रात किंवा संलग्न ग्रंथालयात जावे लागते.

संकेतस्थळावरील सामायिक वंशवृक्षाबाबत मात्र मी साशंक आहे. तो कोणीही बदलू शकतो, आणि ज्या स्त्रीच्या आईवडिलांचा कोणताही पुरावा जोडलेला नाही, तिला तेथे दाखवलेले माहेर केवळ तर्क समजावा. यादवी युद्धात पती गमावलेल्या स्त्रीच्या बाबतीत अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारातील विधवा-निवृत्तिवेतनाची फाईल स्वतंत्रपणे मागवावी, कारण विवाह सिद्ध करण्यासाठी दिलेली नातलग-शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे तिच्यात असू शकतात.