मालवणच्या खाऱ्या हवेत मॅच एअर रायफल: वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ की आन्शुट्झ?

लेकीसाठी १० मीटरच्या नेमबाजीची मॅच एअर रायफल, म्हणजे स्पर्धेत वापरतात ती हवेच्या दाबावर छर्रा मारणारी रायफल, घेतली त्याला आता दीड वर्ष होत आलं. घेताना मी चार महिने नुसता फोन करत फिरलो, आणि जो तो आपली रायफल कशी भारी तेच सांगत होता. समुद्रापासून अर्ध्या किलोमीटरवर राहणाऱ्या माणसाने काय बघावं हे कोणीच सांगितलं नाही, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितोय. कोकणातल्या एखाद्या आईबापाच्या कामाला आलं तर बरंच आहे.

आधी एक गोष्ट क्लिअर करतो, कारण आमच्या वाडीत पहिल्या दिवशीच प्रश्न आला, लायसन कोणाच्या नावावर? लायसन लागत नाही. ४.५ मिलिमीटरचा बोअर (नळीचं भोक) आणि २० जूलच्या आतली ताकद असेल तर एअरगनला आपल्याकडे लायसन नाही, आणि मॅच रायफल तर जेमतेम साडेसात-आठ जूलची असते. शेजारचे तात्या फौजेतून रिटायर झालेले, त्यांनी उमेदीची सगळी वर्षं इशापूरची ७.६२ची एसएलआर ही लष्करी रायफल खांद्यावर वागवली. त्यांना वाटलं मी तसलं काहीतरी सेमी-ऑटोमॅटिक आणतोय. तसली रायफल आपल्याकडे साध्या नागरिकाला मिळतच नाही, आणि तेच बरोबर आहे असं माझं स्पष्ट मत आहे. पण तात्यांनी आमची रायफल हातात घेतली, गाल टेकवला, ट्रिगरला बोट लावलं आणि म्हणाले, अरे ह्याला तर नुसता श्वास लागतोय. आईचं वेगळंच, ती दारातून ओरडली, "पोरीच्या हातात बंदूक कित्याक देतस रे?" आता तीच रोज संध्याकाळी विचारते, "आज धा किती इले?"

तर कंपन्या. भारतात मॅच रायफल म्हटलं की फिरून फिरून तीन जर्मन नावांवर गाडी येते. वॉल्थर आणि आन्शुट्झ दोन्ही मूळच्या त्सेला-मेलिसकडच्या, आन्शुट्झ १८५६ची, वॉल्थर १८८६ची, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर दोघींनी उल्म शहरात नव्याने बस्तान बसवलं. फाइनवेर्कबाऊ ओबर्नडोर्फची, माउझरमधून बाहेर पडलेल्या दोन इंजिनिअरांनी काढलेली. त्याच गावात हेकलर अँड कॉख पण आहे, म्हणजे लष्करी रायफली आणि अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्यावर नेम धरायच्या रायफली एकाच गावच्या पाण्यावर वाढल्यात, मला हे वाचून फार नवल वाटलं होतं. अर्धा मिलिमीटर म्हणजे खरंच अर्धा मिलिमीटर, १० मीटरवरच्या टार्गेटचा दहाचा ठिपका तेवढाच असतो.

कोल्हापूरला दुधाळीच्या रेंजवर ओळखीच्या सरांनी तिन्ही हाताळायला दिल्या, त्यांचे उपकार विसरणार नाही. लेक तेव्हा तेरा वर्षांची, उंची पाच फूट एक इंच. एफडब्ल्यूबी (म्हणजे फाइनवेर्कबाऊ) ८०० मारल्यावर ती म्हणाली, बाबा, शॉट सुटला हे कळलंच नाही. खरंच झटका जवळजवळ नाहीच. आन्शुट्झ ९०१५ चा तोल तिला पुढे वाटला, उंच मुलांना तो आवडत असेल पण हिचा डावा हात वीस शॉटनंतर थरथरायला लागला. वॉल्थर एलजी ४०० वर चीकपीस (गाल टेकायचा भाग) आणि बटप्लेट (खांद्याला टेकणारा भाग) जुळवायला सरांना वेळ लागला पण एकदा जुळल्यावर ती पाऊण तास खाली उतरलीच नाही. नियमाने रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते, पण तेरा वर्षांच्या मुलीला तो आकडा गाठायची काही गरज नाही, वजनं काढून ठेवा आणि वाढत्या अंगाप्रमाणे हळूहळू लावा. खरं सांगायचं तर नेमबाजीच्या हिशोबाने तिन्ही रायफली आमच्या लेकीपेक्षा कितीतरी चांगल्या आहेत, तिच्या लेव्हलला कुठलीही घेतली असती तरी मार्कांत फरक पडला नसता.

फरक पडतो तो हवेत. ह्या रायफलीत गॅस नाही, स्प्रिंग नाही, पुढच्या सिलिंडरात २०० बारपर्यंत (बार हे दाबाचं माप) दाबलेली हवा असते आणि ती कुठूनतरी भरावी लागते. पुण्या-मुंबईत रेंजवरच कॉम्प्रेसर असतो. मालवणात? मी डोक्याला हात लावून बसलो होतो आणि उत्तर समोर किनाऱ्यावर पडलेलं होतं, स्कुबाच्या टाक्या! तारकर्ली, देवबाग, मालवण जेट्टी, जिकडेतिकडे पिवळ्या टाक्या. साधारण १२ लिटरची टाकी, २०० बार, आणि चांगल्या स्कुबावाल्याची हवा फिल्टर मारलेली कोरडी असते, कारण ती माणसाच्या फुप्फुसात जाणार असते. फक्त अ‍ॅडॅप्टर बघून घ्या. रायफलीबरोबर येणारा बहुतेक वेळा डिन आट्यांचा, म्हणजे स्क्रूसारखा फिरवून बसणारा असतो आणि आपल्याकडच्या बऱ्याच टाक्यांना वरून शिकंजा बसवायचा योक वॉल्व्ह असतो. काही वॉल्व्हमधला आतला तुकडा काढला की डिन थेट बसतो, काहींत नाही. मी हे न बघता गेलो आणि देवबागला भर उन्हात टाकीसमोर रिकाम्या हाताने उभा राहिलो.

दुसरी अडचण पावसाळा. मे संपत आला की डायव्हिंग बंद, टाक्या आत, कॉम्प्रेसर झाकलेला, आणि पोरीचा सराव तर थांबवता येत नाही. मग हिशोब घातला. रायफलीचं सिलिंडर पाव लिटरचं पण नाही, ते १०० वरून २०० बारवर न्यायला टाकीतले दीड-दोन बार जातात, म्हणजे आठवड्याला दोनदा भरलं तरी एक भरलेली टाकी अख्खा पावसाळा काढते, शेवटी शेवटी दीडशेच्या आसपासच भरते एवढंच, आणि दीडशेवर पण पोरीचा संध्याकाळचा सराव आरामात होतो. गेल्या वर्षी अगदी तसंच झालं. मित्राकडून हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने टाकी तपासतात त्याची) तारीख बघून एक टाकी भाड्याने घेतली आणि पडवीत सावलीला बांधून ठेवली. भरताना मात्र घाई नको, वॉल्व्ह भसकन उघडला की सिलिंडर तापतं, काटा २०० दाखवतो आणि गार झाल्यावर १८०-१८५ वर येतो. हातपंपाचा सल्ला पण मिळेल, पण जुलैत आपल्याकडच्या हवेत हातपंप मारणं म्हणजे सिलिंडरात पाणी भरणं, मी तरी नाही करणार. आणि हवेच्या कुठल्याही जोडाला साधं तेल लावू नका, शिलाई मशीनचं नाही, खोबरेल तर नाहीच. एवढ्या दाबाखाली तेल पेट घेऊ शकतं, कंपनी सांगते तेच ग्रीस लावा.

जुनी रायफल घेताना काय झालं ते पण सांगतो. नवीचा भाव ऐकूनच मी बसलो, आमच्या बागेचा एक अख्खा आंब्याचा सीझन गेला असता. म्हणून सेकंडहँड शोधली. एका डीलरने फोटो पाठवले, रायफल चकचकीत, भाव पण बरा, अ‍ॅडव्हान्स पण घेतला. प्रत्यक्ष घाट चढून गेलो तर सिलिंडरवरची तारीख अकरा वर्षांपूर्वीची. सिलिंडरचं आयुष्य जास्तीत जास्त दहा वर्षं धरतात, आणि इंटरनॅशनल नियमांत तारीख सांभाळायची जबाबदारी खेळाडूवरच टाकलीय. डीलर म्हणाला, काही होत नाही हो, सगळे वापरतात. माझ्या पोरीच्या गालापासून दीड फुटावर २०० बार असणार आणि हा म्हणतो काही होत नाही! अ‍ॅडव्हान्स परत मिळायला सात महिने लागले. त्या दिवशी परतीच्या एसटीत पूर्ण घाटभर मी एक शब्द बोललो नाही.

शेवटी वॉल्थर एलजी ४०० घेतली, अल्युमिनियम स्टॉकची (दस्त्याची), एका शूटरने वापरलेली, सिलिंडर नवं घेऊन. वॉल्थरच का, तर कुडाळचा एक मुलगा आणि कणकवलीची एक मुलगी दोघंही वॉल्थरच वापरतात. तिघांच्या घरात मिळून दोन अ‍ॅडॅप्टर, ओ-रिंगांचा (हवा अडवणाऱ्या रबरी कड्यांचा) एक डबा आणि एक जास्तीचं सिलिंडर आहे. शनिवारी हवा गळायला लागली तर सोमवारच्या कुरिअरची वाट बघावी लागत नाही, अर्ध्या तासात कुडाळला. उद्या त्या दोघांकडे फाइनवेर्कबाऊ असती तर मी डोळे मिटून फाइनवेर्कबाऊ घेतली असती. लाकडी स्टॉक दिसायला देखणा, माझा पण जीव गेला होता त्याच्यावर, पण आमच्याकडे पावसात दरवाजे फुगून बंद होत नाहीत तिथे लाकडाचं काय होईल ते सांगायला नको. तसं अल्युमिनियम म्हणजे सगळं सुखात असं पण नाही, स्क्रू आणि बॅरल लोखंडाच्याच जातीचे, त्यात घामाचा हात लागला की दोन दिवसांत तांबूस ठिपका. रोज सराव झाला की सुक्या कापडाने पुसायची, महिन्यातून एकदा बाहेरून हलका तेलाचा हात, आणि केसमधला फोम ऊन मिळेल तेव्हा बाहेर काढून सुकवायचा. सिलिका जेलच्या पुड्या मी तव्यावर मंद गरम करून परत वापरतो. शूटिंग जॅकेटला ऑगस्टमध्ये बुरशी आली ती वेगळी, त्याला पंख्याखाली टांगून ठेवणं एवढाच उपाय सापडलाय.

छर्ऱ्यांबद्दल थोडक्यात, सरावाला स्वस्तातला आणि स्पर्धेला आरडब्ल्यूएस आर १० असं आम्ही करतो, डबा उघडल्यावर घट्ट बंद ठेवा नाहीतर शिसं पांढुरकं पडतं. छर्रे हाताळून झाले की पोरांना साबणाने हात धुवायला लावा, शिसं पोटात जाता कामा नये.

रेंज घरातच आहे. जुनं घर असल्याचा हा फायदा, पडवीतून माजघर पार करून मागच्या भिंतीपर्यंत मोजून अकरा मीटर भरलं, मधली दोन दारं उघडली की झालं, मागे जाड लोखंडी पेटी आणि १ मीटर ४० सेंटिमीटरवर टार्गेटचा मध्य. सरावाच्या वेळी माजघरात कोणी पाऊल टाकायचं नाही, दारावर लाल फडकं लावलं की मांजराला पण आई उचलून नेते.

आज सकाळी टाकी परत भरून आणली. आकाश भरून आलंय, स्कुबावाले होड्या वर ओढतायत, आणि पडवीतून टक् टक् असा आवाज चालू आहे, आत्तापर्यंत बत्तीस शॉट झालेत, साठ पूर्ण झाल्याशिवाय ती जेवायला उठणार नाही.