फाल्गुन-चैत्रातली फुलदाणी: ग्लॅडिओलस की झिनिया?

पुण्याच्या हवेत होळीच्या सुमारास फुलदाणीपुरती फुलं घरच्या बागेतून मिळवणं अवघड होतं. शेवंती संपलेली असते, उन्हाने गुलाब बारीक होऊ लागतात आणि मोगरा कितीही लाडका असला तरी तो ओंजळीचा, फुलदाणीचा नव्हे. लांब दांड्याची फुलं हवी असतील तर माझ्यापुरती दोनच नावं उरतात: ग्लॅडिओलस आणि झिनिया. मी दोन्ही लावली आहेत. जागा एकाच वाफ्याची असेल तर काय निवडावं, एवढ्यापुरतंच हे लिहितो आहे.

रुबाबात ग्लॅडिओलसला तोड नाही. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या ‘फुले गणेश’, ‘फुले प्रेरणा’ यांसारख्या जाती आपल्याकडे चांगल्या येतात. डिसेंबरात कंद लावले की मार्चच्या आसपास दांडे हाती येतात. खालच्या एक-दोन कळ्यांनी रंग दाखवला की दांडा कापायचा. उरलेल्या कळ्या पाण्यात खालून वर एकेक करून उमलतात. सुकलेलं फूल खुडत राहिलं तर आठवडाभर रोज नवं फूल बघायला मिळतं. हे सुख झिनिया देत नाही.

झिनिया कापल्यावर उमलत नाही, म्हणून फूल पूर्ण फुललेलंच घ्यावं लागतं. त्याची एक साधी परीक्षा आहे. फुलाखाली वीतभर अंतरावर दांडा चिमटीत धरून हलकेच हलवायचा. मान लवली तर फूल झाडावरच राहू द्यायचं, दांडा ताठ राहिला तर कापायचं. कोवळं फूल कापलं तर संध्याकाळपर्यंत मान टाकतं. शिवाय झिनियाचा दांडा पोकळ आणि बारीक केसाळ, त्यामुळे पाणी लवकर गढूळ होतं. पाण्यात बुडणारी सगळी पानं काढून टाकायची आणि पाणी रोज बदलायचं. फ्रिजमध्ये मात्र ही फुलं ठेवू नयेत. मूळची मेक्सिकोची ही वनस्पती, गारठा तिला सोसत नाही.

मांडणीचं म्हणाल तर ग्लॅडिओलसला उंच आणि बुडाशी जड फुलदाणी लागते, नाहीतर ती कलंडते. दोन खोल्यांच्या घरात तीन दांडेसुद्धा सगळी जागा व्यापतात. झिनियाला तांब्याचा गडू पुरतो. याच दिवसांत वाफ्याच्या कडेला शेपू फुलावर आलेला असतो. त्याच्या पिवळ्या छत्र्या गुलाबी आणि केशरी झिनियांमधून वर काढल्या की आणखी काही घालावंसं वाटत नाही.

इथपर्यंत मी दोघांना जवळपास सारखंच मानत होतो. माझा कल बदलला तो कंदांमुळे.

ग्लॅडिओलसचा दांडा कापताना झाडावर चार-पाच पानं ठेवावीच लागतात, कारण पुढचा कंद त्यांच्यावर पोसतो. म्हणजे फुलदाणीला लांब दांडा हवा असतो तेव्हा हात आखडता घ्यायचा. मग पानं पिवळी पडेपर्यंत दीड-दोन महिने वाफा तसाच अडकून राहतो. ऐन उन्हाळ्यात कंद काढायचे, सावलीत सुकवायचे, बुरशीनाशकाच्या पाण्यातून काढून पुन्हा सुकवायचे. त्यानंतर खरी पंचाईत सुरू होते. कंदांना तीनेक महिने सुप्तावस्था लागते आणि ती थंडाव्यात नीट पार पडते. शेतकरी शीतगृहात ठेवतात. आपल्याला फ्रिजमधला भाजीचा कप्पा. तिथे पिकलेली फळं ठेवायची नाहीत, त्यांच्यातून सुटणारा वायू कंदांना बाधतो. आंब्याच्या दिवसांत हा नियम कुठल्या घरात पाळला जाईल? बाहेर ठेवावेत तर मे महिन्यात काही कंद सुकून हलके होतात आणि जूनच्या दमटपणात काही मऊ पडतात. जमिनीत राहू द्यावेत तर पावसाळ्यात कुजतात. दरवर्षी दसऱ्यानंतर पिशवी उघडायची आणि एकेक कंद दाबून बघायचा, याचा मला मनापासून कंटाळा आला. कोरडी, थंड खोली असलेल्यांचा अनुभव कदाचित वेगळा असेल, आणि दरवर्षी नवे कंद घेण्याची तयारी असेल तर प्रश्नच मिटतो.

झिनियाचं बी कागदाच्या पुडीत राहतं.

आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ग्लॅडिओलसच्या जुड्या गुलटेकडीच्या फूलबाजारात सहज मिळतात, कारण कळीत कापलेला दांडा प्रवास सोसतो. पूर्ण उमलल्यावरच कापायची झिनिया तिथे मला क्वचितच दिसली. ती हवी असेल तर बहुधा घरीच लावावी लागते.

तेव्हा रिकामा वाफा एकच असेल तर मी झिनियाकडे झुकेन. थंडी ओसरली की फेब्रुवारीत बी जागेवरच पेरा. रोपं उपटून दुसरीकडे लावलेली तिला फारशी मानवत नाहीत. वीतभर वाढल्यावर शेंडा खुडा. पहिलं फूल कापताना जीव वर-खाली होतो, पण दांडा खोलवर, पानांच्या जोडीच्या किंचित वर कापा. तिथून दोन फांद्या फुटतात आणि पुढचे दांडे जास्त लांब येतात. पाणी मुळाशी द्या, पानांवर नको, नाहीतर पानांवर बुरशीचे डाग पडतात. आणि मे महिन्यात बी धरायचं असेल तर आवडत्या रंगाची दोन झाडं आधीच राखून ठेवा, त्यांची फुलं कापू नका.