हवा मोजायचं डिजिटल गेज: सहा महिने वापरून

आमची सात सीटर डिझेल गाडी लिटरला 13 वरून 11 वर आली, तेव्हा मला इंजेक्टरचाच (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) संशय होता. हे गेज लावलं तर चारही टायर 27-28 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप)! ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर 33 लिहिलंय, आणि तेही टायर थंड असताना. हवा कमी असली की टायर जास्त दबतो, गरम होतो, डिझेल तिथेच जळतं. शिवाय कडा झिजतात. आता दर पंधरवड्याला सकाळी, गाडी हलवण्याआधी मोजते. चालवून आल्यावर आकडा तीन-चारने फुगलेला दिसतो, त्यावर हवा सोडू नका. ॲव्हरेज पुन्हा साडेबाराच्या वर आहे. गेजचा दिवा मात्र फारच मंद, अंधारात मोबाइलचा टॉर्च लागतोच.